दहा सेंटिमीटर उंच, तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद

माधवनगर, ता. मिरज, जि. सांगली

प्रति,
मा. श्री. शिवेंद्रसिंहराजे भोसले,
सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,



सुपरकार रोजच्या वापराला चालते का, यावर जगभरचे गाडीशौकीन तावातावाने वाद घालतात. हाच प्रश्न माधवनगरात विचारला, तर उत्तर गाडीपेक्षा रस्त्यावर जास्त अवलंबून राहते, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. कोट्यवधींच्या गाडीचे दुखणे मंत्र्यांपुढे मांडायचे कशाला, असे कुणालाही वाटेल. पण ही गाडी जिथे अडते, तिथेच तासगावहून मिरजेला निघालेला रुग्ण कळवळतो, तिथेच द्राक्षांच्या पेट्या आदळतात, तिथेच स्कूटरवर मागे बसलेल्या बाईचा तोल जातो. या सगळ्यांवरचा उपाय एकच आहे. तो स्वस्त आहे आणि १९८८ पासून कागदावर लिहून ठेवलेला आहे.

समजा, माधवनगरात राहणाऱ्या आणि रोज सांगलीला ये-जा करणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाने लॅम्बोर्गिनी हुराकान घेतली. ५.२ लिटरचे दहा सिलिंडरचे इंजिन, ६१० अश्वशक्ती, हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. रोजच्या वापरात कामाला येणारे आकडे मात्र वेगळेच. गाडीची एकूण उंची १,१६५ मिलिमीटर. रुंदी आरसे सोडून १,९२४ मिलिमीटर. पुढचे टायर २४५/३०, वीस इंची रिमवर. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्या मध्ये जेमतेम साडेसात सेंटिमीटर रबर. इंजिन मागे असल्याने डिकी पुढे, आणि तीही शंभर लिटरची. आठवड्याची भाजी त्यात कशीबशी मावेल, पण किराण्याच्या पिशव्या शेजारच्या सीटवरच ठेवाव्या लागतील. आणि गाडीचे पोट जमिनीपासून बारा-तेरा सेंटिमीटरवर.

सकाळी फाटकातून बाहेर पडतानाच एक बटण दाबावे लागते. त्याने गाडीचे नाक चारेक सेंटिमीटर वर उचलले जाते. फाटकाचा उतार सुटतो आणि पहिला गतिरोधक येतो. सरळ गेले तर नाक वाचले तरी पोट घासणार, हे मालकाला ठाऊक असते. मग तो गाडी तिरकी करतो. आधी पुढचे एक चाक चढवायचे, मग दुसरे, मग मागची दोन्ही तशीच एकामागून एक. तेवढ्यात निम्माअधिक रस्ता अडतो. समोरून आलेली एस.टी. थांबते, मागचा रिक्षावाला हॉर्न देतो. कुणीतरी पानपट्टीवरून उठून येतो, रस्त्याच्या कडेला उकिडवा बसतो, गाडीखाली बघत हाताने खूण करतो: ‘या, या... अजून... थांबा, लागतंय.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात हा माणूस भेटतो आणि त्याला या कामाचे कुणी पैसे देत नाही. माणसे मोबाईल काढून फोटो घेतात. हे सगळे एका गतिरोधकाचे. पुढे दुसरा असतोच.

बाकीच्या अडचणी सोसता येण्याजोग्या आहेत. दहा सिलिंडरचे इंजिन गर्दीत तापते, पंखे घोंगावत राहतात, पण आजच्या गाड्या ते निभावतात. पेट्रोलचा प्रश्न होता, तोही काही अंशी सुटत आला आहे. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात शंभर ऑक्टेनचे पेट्रोल काही मोठ्या शहरांत आणले. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सर्रास मिळते. जुन्या परदेशी गाड्यांना ते मानवेल का, याची काळजी मालक करतात. त्यातले काही इथेनॉल इथल्याच उसाचे असते, ही सांगलीकरांच्या अभिमानाची बाब आहे. हंगामात मात्र हाच ऊस दोन-दोन ट्रॉल्यांत भरून रस्त्यावर येतो. रात्री ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि सुपरकारच्या चालकाचे डोळे जमिनीपासून मीटरभर उंचीवर. हा धोका खरा आहे, त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल. सर्व्हिसिंगसाठी मुंबई गाठायची, म्हणजे पावणेचारशे किलोमीटर. महामार्गाला लागायचे तर पेठ नाका. पेठ–सांगली रस्त्याने इथल्या लोकांची किती वर्षे परीक्षा पाहिली, ते आपल्याला सांगायला नको. त्याचे चौपदरी काँक्रीटीकरण हाती घेतले गेले, ही दिलाशाची गोष्ट. चिंतामणीनगरचा रेल्वे पूल पुणे–मिरज मार्गाच्या दुहेरीकरणासाठी २०२३ मध्ये पाडला गेला. नवा पूल ठरल्यापेक्षा फार उशिरा उभा राहिला आणि तोवर माधवनगरकरांनी वळसे घालत दिवस काढले. लोकांनी हेही सोसले. पूल रोज बांधला जात नाही, हे त्यांना कळते.

गतिरोधक मात्र बारा महिने तेरा काळ सोसावा लागतो.

आता मोजमापाकडे येऊ. इंडियन रोड्स काँग्रेसची आय.आर.सी. ९९ नावाची मार्गदर्शिका १९८८ ची. २०१८ मध्ये ती सुधारून निघाली. गोल माथ्याच्या गतिरोधकाचे तिथे दिलेले माप असे: उंची दहा सेंटिमीटर, वाहनाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. सर्वसाधारण वाहनाने तो ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडावा, अशी कल्पना. त्याच्यावर काळे-पांढरे पट्टे असावेत आणि सूचनाफलक ४० मीटर आधी असावा, असेही तिथेच म्हटले आहे.

या मापाच्या गतिरोधकावरून हुराकान नेली तर काय होईल, ते कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही काढता येते. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २.६२ मीटर, म्हणजे चारही चाके एकाच वेळी गतिरोधकावर मावतात. त्या स्थितीत सतरा मीटर त्रिज्येचा माथा दोन चाकांच्या मधोमध फक्त पाच सेंटिमीटर वर येतो. गाडीकडे बारा आहेत. चढतानाचा हिशेब असा: पुढचे चाक गतिरोधकाच्या पायाशी टेकले आणि नाक त्याच्यापुढे मीटरभर असले, तर नाकाखालचा उंचवटा आठ सेंटिमीटरही भरत नाही. म्हणजे बटण न दाबता, तिरके न होता, एस.टी.ला न थांबवता ही गाडी सरळ निघून जाते. इटलीतल्या अभियंत्यांनी माधवनगरचा रस्ता पाहिलेला नाही. तरीही भारतीय प्रमाणाच्या गतिरोधकावर त्यांची गाडी कुठेही अडत नाही.

उलट प्रत्यक्षात जे दिसते ते घेऊ. पंधरा सेंटिमीटर उंच आणि साठ सेंटिमीटर रुंद असा उभट बांध धरा. त्यावर पुढची आणि मागची चाके कधीच एकत्र चढत नाहीत. पुढची उतरली की बांध गाडीच्या पोटाखाली असतो आणि पोटाला पंधरापेक्षा जास्त उंची हवी असते. सुपरकार तर सोडाच, मारुती स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर आहे, तीही रिकामी उभी असताना. आई-वडील, दोन मुले आणि डिकीत बॅगा असा संसार बसला की स्प्रिंगा दबतात आणि खालून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. चेंबर फुटून ऑइल रस्त्यावर सांडलेली साधी गाडी गॅरेजमध्ये टोचन करून आणावी लागते, हे सांगलीतला कुठलाही मेस्त्री सांगेल. सुपरकारवाल्याला निदान नाक उचलायचे बटण आहे. स्विफ्टवाल्याला नाही.

३.७ मीटर हा आकडा आला कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले आर्थर कॉम्प्टन हे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलपती होते. आवारातून सुसाट जाणाऱ्या गाड्यांसाठी त्यांनी १९५३ मध्ये स्वतः उंचवट्यांची रचना केली. पुढे १९७३ मध्ये ब्रिटनच्या सरकारी वाहतूक संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स या संशोधकाने वेगवेगळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून वाहने नेऊन पाहिली आणि बारा फूट रुंद, चार इंच उंच, गोल माथ्याचा आकार पुढे आणला. बारा फूट म्हणजे आपले ३.७ मीटर. त्याचा गुण असा की वेग वाढेल तसा धक्काही वाढतो, त्यामुळे चालक आपोआप वेग आवरतो. आखूड, उभट बांधाचे वागणे विपरीत असते. हळू जाणाऱ्याला तो पूर्ण धक्का देतो, आणि भरधाव जाणाऱ्या जड वाहनाची चाके त्याच्यावरून उडून जातात. धक्का शॉकॲब्सॉर्बर खातो, आत बसलेल्याला तो कमी जाणवतो. म्हणजे नियम पाळणारा शिक्षा भोगतो आणि तोडणारा सुटतो. आपल्या रस्त्यांवर हेच चालले आहे.

या शिक्षेचे सगळ्यात मोठे धनी रुग्ण आहेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव. तासगाव, विटा, जत इथून आणि पलीकडे कर्नाटकातून रुग्ण इकडे येतात. तासगावकडची रुग्णवाहिका माधवनगरवरून येते. आत मांडीचे हाड मोडलेला माणूस असेल, प्रसूतीच्या कळा सुरू झालेली बाई असेल, पोटात तीव्र दुखणारे पोर असेल. ब्रिटनमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अपेंडिक्सची शंका असलेल्या रुग्णांना त्यांनी विचारले होते, येताना गतिरोधकांवर दुखणे वाढले का? ज्या ३४ जणांना पुढे खरोखर अपेंडिक्सचा आजार निघाला, त्यांतल्या ३३ जणांनी होय म्हटले. डॉक्टरांना ती निदानाची खूण वाटली. रुग्णाच्या दृष्टीने ती नुसती वेदना आहे, आणि तिथले गतिरोधक तरी मापाचे असतात. तासगाव ते मिरज या वाटेवर असा रुग्ण काय सोसत असेल, याचा विचार एकदा व्हावा. चालकाने वेग कमी केला तर वेळ जातो, न केला तर रुग्ण आदळतो. त्याच्या हातात तिसरा पर्याय फक्त आपले खातेच देऊ शकते.

द्राक्षांचेही असेच. तासगावचे द्राक्ष आणि बेदाणा यांवर या भागाचा संसार उभा आहे. वर्षभर छाटणी, डिपिंग, औषधे, मजुरी यांत पैसा ओतून शेतकरी घड तयार करतो आणि पेटी भरून रस्त्यावर पाठवतो. प्रत्येक आदळण्याला मणी देठापासून सुटतात, साल चिरते. सुटा मणी घडाच्या भावाने कुणी घेत नाही.

महोदय, सुपरकारचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा कराभोवती फिरते. जुलै २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरने सचिन तेंडुलकरच्या हाती फेरारी ३६० मोडेनाची किल्ली ठेवली. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दलची ती भेट. भारतात आणताना आयात शुल्काचा प्रश्न आला, १ कोटी १३ लाखांच्या माफीवरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम फियाट कंपनीने भरली. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतेला विकली गेली. लोकांचा तो राग समजण्यासारखा होता. लाडक्या खेळाडूनेही कर भरावा, ही अपेक्षा योग्यच. आज महाराष्ट्रात एकरकमी वाहन करावर कमाल मर्यादा आहे. ती वीस लाख होती, १ जुलै २०२५ पासून तीस लाख झाली. कर्नाटकात अशी मर्यादा नसल्याने तिथले काही मालक महाराष्ट्राची पाटी लावून गाडी फिरवत. त्याच जुलैत बंगळुरूच्या परिवहन अधिकाऱ्यांनी अशी एक लाल फेरारी एस.एफ. ९० पकडली आणि मालकाकडून एक कोटी ४१ लाखांहून अधिक रक्कम एका दिवसात भरून घेतली.

कर घ्यावा, मर्यादा हवी तर आणखी वाढवावी; या पत्राची त्याला हरकत नाही. पण एका गाडीमागे तीस लाख घेणाऱ्या राज्याला मापाचा गतिरोधक परवडत नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही.

पुण्याचे नाव घेतल्याशिवायही पुढे जाता येत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या गाडीची १,७५८ रुपयांची नोंदणी फीदेखील भरलेली नव्हती. महाराष्ट्राच्या रस्त्यावर वेगवान गाडी म्हटले की डोळ्यांपुढे तेच येते, आणि यायलाच हवे. म्हणून इथे कुणी गतिरोधक काढून टाका म्हणत नाही. शाळेसमोर, वस्तीत, चौकात गतिरोधक हवाच, आणि तो वेग खरोखर आवरणारा हवा. मापाचा गतिरोधक ताशी पंचवीसला सौम्य असतो, ऐंशीला असह्य होतो. अशा गाड्यांना अडवायला त्याच्याइतके दुसरे काही उपयोगी नाही.

गाड्या बनवणाऱ्यांनी आपल्या परीने वाट काढली आहे. जपानच्या होंडाने १९९० मध्ये एन.एस.एक्स. आणली तेव्हाच दाखवून दिले की सुपरकार रोज वापरता येते: चारी बाजूंना नीट दिसते, एसी चालतो, गाडी बंद पडत नाही. मॅक्लारेन एफ वन घडवणारे गॉर्डन मरे स्वतः एन.एस.एक्स. सात वर्षे रोज वापरत होते. आपल्याकडे दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या दिल्ली प्रदर्शनात डी.सी. अवंती मांडली, दोन लिटरचे टर्बो इंजिन मधोमध, रूप सुपरकारचे आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर. ती उंची आपल्या रस्त्यांकडे बघूनच ठेवलेली होती. २०२० च्या अखेरीस तो सगळा उद्योग पोलिस तपासात अडकला, पण रोज चालेल अशी देशी स्पोर्ट्सकार ही कल्पना वाईट नव्हती. तिकडे लॅम्बोर्गिनीने उरुस ही उंच गाडी काढली, २०१८ च्या जानेवारीत भारतात आणली, आणि आज या कंपनीचा भारतातला धंदा मुख्यतः त्या उंच गाडीवर चालतो. २०२४ मध्ये कंपनीने देशात ११३ गाड्या विकल्या. पोर्शेने ९११ डकार काढली, लॅम्बोर्गिनीने हुराकानचीच उंची ४४ मिलिमीटरने वाढवून स्टेराटो काढली. पैसेवाल्याला कंपन्यांनी पर्याय दिला आहे. रस्ता जसाच्या तसा राहिला, तर तो उंच गाडी घेईल आणि हा विषय विसरेल. रुग्णवाहिकेला, रिक्षाला, स्कूटरला तो पर्याय नाही.

गाडीचे वेड आणि गाडीची गरज या मातीत किती खोल आहे, याची साक्ष देवराष्ट्रे देते. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव, तेव्हा सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. म्हणजे साताऱ्याच्या आपल्या आणि सांगलीच्या आमच्या, दोघांच्याही जिव्हाळ्याचे. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातले लोखंड आणि दुचाकीचे भाग जोडून साठेक हजारांत छोटी जीप बनवली, तीही किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिची दखल घेतली आणि पुढच्या महिन्यात लोहारांना त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. ज्या जिल्ह्यात लोहार घरच्या घरी जीप घडवतो, त्या जिल्ह्यात मापाचा गतिरोधक घडवणारे हात नाहीत, असे कसे म्हणावे?

खरे म्हणजे आडमापाचे गतिरोधक हौसेने झालेले नाहीत. शाळेतून घरी येणारे एखादे लेकरू ट्रकखाली जाते. गाव रस्त्यावर उतरते, रास्ता रोको होतो, अधिकारी आश्वासन देतात, आणि महिने जातात. मग एका रात्री गावातलीच पोरे मुरूम, खडी, डांबर जे मिळेल ते आणून बांध घालतात. त्या बांधाला माप नसते, पट्टा नसतो, फलक नसतो. त्याच्यामागे दुःख असते, आणि दुःखाला दोष देता येत नाही. दोष आहे तो मागणी आणि उत्तर यांच्यातल्या रिकाम्या महिन्यांचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. गावाने अर्ज दिल्यापासून तीस दिवसांत तिचे होय किंवा नाही असे लेखी उत्तर मिळाले, होय असेल तर पुढच्या पंधरवड्यात मापाचा गतिरोधक पडला, तर रात्रीचा बांध घालायला कुणी उठणार नाही.

कायदाही आता पूर्वीसारखा मुका राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे नसल्याने कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला, सल्लागाराला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे गेलेल्या जीवामागे सहा लाखांची आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाखांची भरपाई ठरवून दिली, आणि चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे पुन्हा बजावले. खड्डा हा रस्त्यातला खाली गेलेला दोष आहे, आडमापाचा बांध हा वर आलेला. पडणाऱ्याला दोन्ही सारखेच लागतात.

आपल्याकडे मागणे फार नाही. प्रत्येक उपविभागात एक लाकडी साचा करावा: ३.७ मीटर लांब, खालची कड सतरा मीटर त्रिज्येच्या कमानीने कापलेली. सुताराचे एका दिवसाचे काम आहे. शाखा अभियंत्याने तो गतिरोधकावर ठेवावा. बसला तर ठीक, न बसला तर तो उखडून पुन्हा करावा. नवा गतिरोधक असेल तर साचा बसल्याचा फोटो जोडल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये. पट्टे दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा मारले जावेत, कारण एका पावसात ते पुसट होतात, आणि रात्री न दिसणारा गतिरोधक नसलेल्यापेक्षा घातक असतो. तालुक्यातल्या सगळ्या गतिरोधकांची यादी, कुठे, किती उंच, किती रुंद, कुणाच्या ताब्यातल्या रस्त्यावर, अशी तहसील कचेरीच्या फलकावर लागावी. रस्ता सार्वजनिक बांधकामचा, जिल्हा परिषदेचा, महापालिकेचा की ग्रामपंचायतीचा, हे वाहनचालकाला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. माप एकच असावे, आणि ते एक करण्याचा अधिकार, वजन आणि साताऱ्याचे म्हणून या भागाविषयीचा आपलेपणा आपल्याकडे आहे.

सुरुवात सांगली–तासगाव रस्त्याने करावी, ही विनंती. चिंतामणीनगरच्या पुलापासून माधवनगर, बुधगाव, कवठे एकंद आणि तासगाव, एवढाच टप्पा. याच्यावर शाळा आहेत, वस्ती आहे, रुग्णवाहिका आहेत, ऊस आहे, द्राक्ष आहे, आणि अधूनमधून एखादी बुटकी, महागडी गाडीही आहे. मोजणीला दोन दिवस पुरतील. पाऊस उघडला की डांबराची कामे निघतातच, त्यात ही घ्यावीत, म्हणजे कारखान्याची धुराडी पेटून ट्रॉल्या रस्त्यावर येण्याआधी काम उरकेल. मोजणीच्या दिवशी माधवनगरातले गाडीवाले, रिक्षावाले, रुग्णवाहिकेचे चालक, शाळांचे शिक्षक यांना बोलवावे. टेप धरायला ते येतील.

कळावे,

आपला विश्वासू,
माधवनगरचा एक रहिवासी